पाच कार्बनांची मोजणी : पेंटेनच्या समघटकांचा इतिहास आणि ‘एकच कोणते?’ हा प्रश्न

सारांश

एकाच रेणुसूत्राची किती संयुगे असू शकतात, हा प्रश्न वर्गात बहुधा आकृत्या काढण्याचा सराव म्हणून शिकवला जातो. प्रस्तुत लेखात पेंटेन या साध्या हायड्रोकार्बनच्या तीन संरचना समघटकांचा आधार घेऊन या मोजणीचा इतिहास मांडला आहे. इथेनचे दोन प्रकार मानण्याची १८४० नंतरची चूक, पेंटेनच्या तिसऱ्या समघटकाचा १८७० मधील शोध, आर्थर केली यांची १८७५ मधील वृक्षगणना व तिच्यातील दोन चुकीचे आकडे यांचा विचार करता, समघटकांची मोजणी ही मुळात ‘कोणत्या दोन रचना एकच’ हे ठरवण्याची प्रक्रिया आहे, असे दिसून येते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अंकपाशाशी तुलना केल्यास या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ऊसपट्ट्यातील आसवन्यांत मिळणारे फ्युझेल तेल हे या इतिहासाचे आपल्या परिसरातील उदाहरण होय.

बीजशब्द : संरचना समघटकता, पेंटेन, वृक्षगणना, सममिती, अंकपाश, फ्युझेल तेल

१. प्रस्तावना

पुणे–सोलापूर महामार्गावरील पाटस हे गाव दौंड तालुक्याच्या ऊसपट्ट्यात वसलेले आहे. भीमा सहकारी साखर कारखान्यामुळे ते परिचित झाले आणि जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत असून तेथे रासायनिक व औषधी कारखाने आहेत. या परिसरातून विज्ञान शाखेत येणारा विद्यार्थी मळी, मद्यार्क, आसवनी हे शब्द लहानपणापासून ऐकत असतो. मात्र वर्गात कार्बनी रसायनशास्त्र सुरू झाले की त्याला या परिचित जगाचा विसर पडतो. समघटकांचा धडा आला की तो फळ्यावरच्या आकृत्या वहीत उतरवतो आणि ब्युटेनचे दोन, पेंटेनचे तीन, हेक्झेनचे पाच, असे आकडे पाठ करतो.

हा विषय शिकवताना एक अनुभव बहुतेक शिक्षकांना येतो. पेंटेनचे समघटक काढा, असे सांगितले की विद्यार्थी तीनऐवजी पाच-सहा आकृत्या काढतो. सरळ साखळी एकदा आडवी काढतो, एकदा कोपऱ्यात वळवतो. शाखा एकदा डावीकडून दुसऱ्या कार्बनला जोडतो, एकदा उजवीकडून दुसऱ्या कार्बनला. आपण या आकृत्यांवर फुली मारतो आणि ‘या एकच आहेत’ असे सांगतो. परंतु त्या एकच का, याचे उत्तर आपण क्वचितच देतो. या उत्तराला एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांची व गणितज्ञांची सुमारे पन्नास वर्षे खर्ची पडली आणि त्यात नामवंतांच्याही चुका झाल्या, ही बाब अभ्यासक्रमात येत नाही.

प्रस्तुत लेखाचा उद्देश हा इतिहास थोडक्यात मांडणे आणि त्यातून अध्यापनासाठी काय हाती लागते, ते पाहणे हा आहे. उदाहरण म्हणून पेंटेन निवडण्याचे कारण असे की त्याची मोजणी हाताने पडताळता येते, त्याचे तिन्ही समघटक वेगवेगळ्या वाटांनी ज्ञात झाले आणि त्यांपैकी एकाचा सांगाडा ऊसपट्ट्यातील आसवनीच्या उपपदार्थातही आढळतो.

२. समघटकतेची कल्पना

अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रसायनशास्त्रज्ञांचा असा विश्वास होता की पदार्थाचे संघटन समजले म्हणजे पदार्थ समजला. घटक मूलद्रव्ये तीच आणि त्यांचे प्रमाण तेच असेल, तर पदार्थही तोच असला पाहिजे. हा विश्वास १८२४ च्या सुमारास डळमळीत झाला. फ्रीड्रिख वोहलर यांनी सिल्व्हर सायनेटचे विश्लेषण केले होते, तर युस्टस लीबिग यांनी पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक यांच्याबरोबर सिल्व्हर फल्मिनेटचे. पहिला पदार्थ तुलनेने शांत, दुसरा स्फोटक; पण दोहोंचे संघटन सारखेच निघाले. कोणाच्या तरी विश्लेषणात चूक असावी, अशी शंका आधी घेतली गेली. फेरतपासणीनंतर दोन्ही आकडे बरोबर ठरले. १८२८ मध्ये वोहलर यांना अमोनियम सायनेटपासून युरिया मिळाला. तेथेही संघटन तेच आणि पदार्थ मात्र भिन्न होता.

१८३० मध्ये बर्झेलियस यांनी या घटनेला समान भाग या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले. मराठीत रूढ झालेला ‘समघटक’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे. मात्र या नावाने केवळ घटक समान असल्याचे सांगितले. वेगळेपण कशात आहे, हे त्यात येत नाही. त्यासाठी अणू एकमेकांना कोणत्या क्रमाने जोडलेले आहेत, ही कल्पना आवश्यक होती आणि ती आणखी सुमारे तीस वर्षांनी आली.

१८५८ मध्ये ऑगस्ट केकुले आणि आर्चिबाल्ड कूपर यांनी स्वतंत्रपणे मांडले की कार्बनची संयुजा चार असते आणि कार्बनचे अणू परस्परांशी जोडले जाऊन साखळी बनवू शकतात. (त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पुणे–डिकसळ हा पाटसवरून जाणारा लोहमार्ग खुला झाला, आपल्या परिसराच्या काळाशी सांगड घालण्यासाठी ही नोंद उपयोगी पडावी.) १८६१ मध्ये अलेक्झांडर बुटलेरोव यांनी जर्मनीतील श्पायर येथील सभेत ‘रासायनिक संरचना’ ही संज्ञा स्पष्ट अर्थाने वापरली आणि प्रत्येक संयुगाला एकच संरचनासूत्र असले पाहिजे, असा आग्रह धरला. १८६४ मध्ये अलेक्झांडर क्रम ब्राउन यांनी अणूंची चिन्हे वर्तुळात व बंध रेषांनी दाखवणाऱ्या आकृत्या समघटकांच्या विवेचनासाठी वापरल्या. आज आपण फळ्यावर काढतो ती आकृती प्रामुख्याने या परंपरेतून आली आहे.

३. दोन इथेन : जास्तीच्या मोजणीची चूक

संरचनेची कल्पना येण्यापूर्वी समघटक मोजताना काय घडत असे, याचे बोलके उदाहरण इथेनचे आहे. १८४९ च्या सुमारास हेर्मान कोल्बे यांनी ॲसिटेटच्या विद्युत अपघटनातून एक वायू मिळवला. एडवर्ड फ्रँकलंड यांनी मेथिल आयोडाइडवर जस्ताची क्रिया करून तोच वायू मिळवला. दोघांनाही वाटले की हे मुक्त ‘मेथिल’ मूलक आहे. दुसरीकडे एथिल आयोडाइडपासून ‘एथिल हायड्राइड’ नावाचा वायू मिळत होता. दोहोंचे संघटन एकच, परंतु मिळवण्याच्या पद्धती वेगळ्या. म्हणून ते दोन भिन्न पदार्थ मानले गेले. पुढे रेणुसूत्रांची फेरमांडणी झाल्यावर दोहोंत दोन कार्बन व सहा हायड्रोजन आहेत, असे ठरले. तरीही दोन पदार्थ हा समज काही वर्षे टिकला.

१८६४ मध्ये मँचेस्टर येथील कार्ल शॉर्लेमर यांनी दोन्ही वायूंवर क्लोरीनची क्रिया केली. दोहोंपासून एकच एथिल क्लोराइड मिळाले. म्हणजे दोन इथेन नव्हतेच; दोन वाटांनी पोहोचलेले एकच गाव होते. विद्यार्थी एकाच साखळीच्या दोन आकृत्या काढून त्यांना दोन समघटक म्हणतो, तेव्हा तो नेमकी हीच चूक करत असतो. फरक इतकाच की त्याच्या आकृत्या कागदावर वेगळ्या दिसतात, तर कोल्बे व फ्रँकलंड यांचे पदार्थ कृतींमुळे वेगळे भासत होते.

शॉर्लेमर यांच्या प्रयोगात एक पद्धत दडलेली आहे. हायड्रोजनच्या जागी दुसरा अणू बसवायचा आणि किती वेगवेगळे पदार्थ मिळतात, ते पाहायचे. रेणूतील सर्व हायड्रोजन समान स्थानी असतील, तर एकच पदार्थ मिळेल. पुढे बेंझीनच्या बाबतीत विल्हेल्म कर्नर यांनी १८७४ मध्ये ही पद्धत पूर्णत्वास नेली आणि किती पदार्थ मिळतात, यावरून शाखांची स्थाने निश्चित केली. मोजणी येथे केवळ निष्कर्ष राहिली नाही. ती पुराव्याचे साधन झाली.

४. पेंटेन : आधी दोन, नंतर तीन

अल्केनमध्ये कार्बनची संख्या ‘न’ असेल, तर हायड्रोजनची संख्या (२न + २) असते. पेंटेनमध्ये पाच कार्बन व बारा हायड्रोजन आहेत. चारही संयुजा पूर्ण करण्यासाठी हायड्रोजन आपोआप ठरतात. त्यामुळे विचार फक्त पाच कार्बनांच्या सांगाड्याचा करावा लागतो. सर्वांत लांब साखळी पाच कार्बनांची घेतली, तर सरळ साखळी मिळते. ती चार कार्बनांची घेतली, तर उरलेला एक कार्बन आतील कार्बनला जोडावा लागतो. कारण टोकाला जोडल्यास साखळी पुन्हा पाचची होते. आतील कार्बन दोन असले तरी साखळी उलट्या दिशेने वाचली की दुसरा तिसरा होतो आणि तिसरा दुसरा. म्हणून येथे एकच रचना मिळते. साखळी तीन कार्बनांची घेतली, तर उरलेले दोन्ही कार्बन मधल्या कार्बनलाच जोडावे लागतात. अशा रीतीने एन-पेंटेन, आयसोपेंटेन व निओपेंटेन या तीन रचना निश्चित होतात.

प्रत्यक्ष इतिहासात मात्र हे तिघे असे एका ओळीत आले नाहीत. पहिला आला तो मधला. फ्रँकलंड यांनी १८५० मध्ये ॲमिल आयोडाइडपासून ‘ॲमिल हायड्राइड’ मिळवले. ॲमिल आयोडाइड हे फ्युझेल तेलातील ॲमिल अल्कोहोलपासून बनवलेले होते, म्हणून हा पदार्थ मुख्यतः आयसोपेंटेन होता. १८६० च्या दशकात अमेरिकन खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनातून सरळ साखळीचे पेंटेन वेगळे काढले गेले. तिसऱ्याचा मात्र निसर्गात मागमूस नव्हता.

तिसऱ्याचा शोध संरचनेच्या सिद्धांतामुळे लागला. बुटलेरोव यांनी आधी तृतीयक ब्युटिल अल्कोहोल मिळवले आणि १८६६–६७ मध्ये त्याच मार्गाने आयसोब्युटेन तयार केले. ब्युटेनचे दोन प्रकार असावेत, हे कागदावर ठरले होते. आता दुसरा प्रकार हाती आला. १८७० मध्ये त्यांचे शिष्य मिखाइल ल्वोव यांनी तृतीयक ब्युटिल आयोडाइड व डायमेथिल झिंक यांच्या अभिक्रियेतून निओपेंटेन मिळवले. पेंटेनचे तीन समघटक असले पाहिजेत, हे आकृत्यांनी सांगितले होते. ल्वोव यांच्या प्रयोगाने तो आकडा सिद्ध केला.

तिघांचे उत्कलनांक पाहिले म्हणजे हा भेद केवळ आकृतीतला नाही, हे पटते. एन-पेंटेन सुमारे ३६ अंश सेल्सिअसला उकळते, आयसोपेंटेन सुमारे २८ अंशांना, तर निओपेंटेन ९.५ अंशांना. शाखा वाढतात तसा रेणू गोलाकार होतो, रेणूंमधील परस्परसंपर्काचे क्षेत्र कमी होते आणि उत्कलनांक उतरतो. पाटस परिसरातील हिवाळ्याच्या एखाद्या दुपारी पहिले दोन पेंटेन द्रवरूपात बाटलीत राहतील. तिसरे मात्र वायुरूपातच असेल.

शॉर्लेमर यांची कसोटी येथेही लावून पाहता येते. एक हायड्रोजन काढून त्याजागी एक क्लोरीन बसवला, तर सरळ पेंटेनपासून तीन, आयसोपेंटेनपासून चार आणि निओपेंटेनपासून एकच पदार्थ मिळू शकतो. क्लोरीनऐवजी हायड्रॉक्सिल गट घेतला, तरी हीच संख्या येते. म्हणून पाच कार्बनांचे संरचनात्मक अल्कोहोल एकूण आठ होतात. निओपेंटेनपासून एकच पदार्थ मिळतो, ही गोष्ट त्याच्या सममितीची साक्ष आहे.

५. गणितज्ञाचा प्रवेश

कार्बनची संख्या वाढू लागली की हाताने आकृत्या काढणे धोक्याचे ठरते. सहा कार्बनांसाठी पाच, सातांसाठी नऊ, आठांसाठी अठरा, दहांसाठी पंचाहत्तर रचना होतात. येथे सामान्य नियमाची गरज भासते. हा प्रश्न इंग्लंडमधील गणितज्ञ आर्थर केली यांनी हाती घेतला. चौदा वर्षे वकिली करून १८६३ मध्ये ते केंब्रिजला गणिताचे प्राध्यापक झाले. १८५७ मध्येच त्यांनी ‘वृक्ष’ या नावाने काही आकृतींचा विचार केला होता. वृक्ष म्हणजे बिंदूंना रेषांनी असे जोडणे की कोठेही बंद वळसा तयार होणार नाही. अल्केनमधील कार्बनांचा सांगाडा नेमका असाच असतो. त्यावर एकच अट येते, ती म्हणजे कोणत्याही बिंदूला चारपेक्षा अधिक रेषा मिळू नयेत. ही अट सहा कार्बनांपासून जाणवू लागते. सहा बिंदूंचे वृक्ष सहा प्रकारचे असतात. परंतु त्यांपैकी एकात मधल्या बिंदूला पाच रेषा मिळतात. कार्बनला पाचवी संयुजा नसल्याने तो गळतो आणि हेक्झेनचे समघटक पाचच राहतात.

१८७४ मध्ये केली यांनी समघटकांच्या गणिती सिद्धांतावर लेख लिहिला आणि १८७५ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे तेरा कार्बनांपर्यंतचे आकडे मांडले. प्रत्येक वृक्षाचा मध्य शोधायचा आणि मध्यापासून बाहेर जाणाऱ्या फांद्यांची मोजणी करायची, ही त्यांची युक्ती होती. एकच वृक्ष कसाही काढला, तरी त्याचा मध्य बदलत नाही. त्यामुळे दोनदा मोजणी होण्याचा धोका टळतो. अकरा कार्बनांपर्यंतचे त्यांचे आकडे बिनचूक आहेत. बारा कार्बनांसाठी मात्र त्यांनी ३५७ व तेरांसाठी ७९९ अशी संख्या दिली. आज मान्य असलेल्या संख्या अनुक्रमे ३५५ व ८०२ आहेत. पहिल्या ठिकाणी दोन जास्त, दुसऱ्या ठिकाणी तीन कमी. १९९९ मध्ये रेन्स व स्लोन या गणितज्ञांनी केली यांची पद्धत नव्याने तपासली. पद्धत योग्य होती. प्रत्यक्ष आकडेमोडीत घसरण झाली होती.

केली यांच्यासारख्या गणितज्ञाची चूक दाखवण्यात त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. बारा कार्बनांच्या ३५५ रचना त्या काळी कोणी प्रयोगशाळेत तयार करून मोजू शकत नव्हते. पेंटेनच्या बाबतीत गणनेला प्रयोगाचा आधार मिळाला. येथे तो मिळणार नव्हता. प्रयोग मागे राहिला आणि गणना पुढे गेली, की गणनेची तपासणी गणनेनेच करावी लागते.

६. अंकपाश आणि सममितीचा पेच

या पेचाचे मूळ समजण्यासाठी आपल्या परंपरेतील गणनाशास्त्राकडे वळणे उपयुक्त ठरेल. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (११५०) या ग्रंथात अंकपाश नावाचे प्रकरण आहे. खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची साक्ष देतो. म्हणजे हे प्रकरण महाराष्ट्रात शतकानुशतके शिकवले गेले असणार. त्यात असा प्रश्न आहे की शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधे अदलाबदल करून धरली, तर किती मूर्ती होतील? उत्तर ३६,२८,८०० असे येते. हरीच्या चार हातांतील चार आयुधांसाठी हे उत्तर २४ आहे. त्यापुढे भास्कराचार्य पुनरावृत्त अंकांकडे वळतात. २, २, १, १ या चार अंकांपासून किती संख्या होतात? चोवीस नव्हेत, तर सहा. कारण दोन दोनांची आपसातील अदलाबदल आणि दोन एकांची आपसातील अदलाबदल संख्येत फरक घडवत नाही. म्हणून २४ ला आधी दोनांनी आणि पुन्हा दोनांनी भागायचे. ‘एकच कोणते?’ हा प्रश्न येथे स्पष्टपणे विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर भागाकाराने दिले आहे.

आता हीच रीत पेंटेनला लावून पाहू. पाच कार्बनांना क, ख, ग, घ, च अशी नावे देऊ आणि नावांसह किती वृक्ष होतात, ते मोजू. केली यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार (त्यांचा यावरील लेख १८८९ चा आहे) पाच बिंदूंचे नामांकित वृक्ष पाचाच्या घनाइतके, म्हणजे १२५ होतात. पण कार्बनच्या अणूंना नावे नसतात. सर्व पाच कार्बन सारखे असल्याने १२५ ला पाच नावांच्या १२० अदलाबदलींनी भागावे, असे कोणी म्हणेल. भागाकार एकाहून किंचित अधिक येतो. तो पूर्णांकही नाही. खरे उत्तर तीन आहे. मग रीत कोठे चुकली?

१२५ वृक्षांची विभागणी पाहिली की उत्तर मिळते. सरळ साखळीचे ६० वृक्ष होतात, आयसोपेंटेनच्या आकाराचे ६० आणि निओपेंटेनच्या आकाराचे अवघे पाच. सरळ साखळी उलटी केली तरी तीच राहते; म्हणून १२० अदलाबदलींतून ६० रचना मिळतात. आयसोपेंटेनमध्ये फाट्याजवळची दोन आखूड टोके आपसात बदलता येतात. म्हणून तेथेही ६०. निओपेंटेनमध्ये मधल्या कार्बनभोवतीचे चारही कार्बन कसेही बदलले तरी रचना तीच राहते. चार कार्बनांच्या अदलाबदली २४. म्हणून १२० भागिले २४, म्हणजे पाच. प्रत्येक रचनेची सममिती वेगळी असल्याने सर्वांना एकच भाजक लावता येत नाही. लीलावतीतील उदाहरणात भाजक सर्वत्र सारखा असतो, येथे तो रचनेगणिक बदलतो.

या अडचणीचा निरास विसाव्या शतकात झाला. १९३१ मध्ये अमेरिकेतील हेन्झ व ब्लेअर यांनी लहान रचनांवरून मोठ्या रचनांची संख्या काढण्याची सूत्रे दिली. वीस कार्बनांसाठी ही संख्या ३,६६,३१९ येते. १९३७ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी सममितीसह गणना करण्याचा व्यापक सिद्धांत प्रसिद्ध केला. तत्सम कल्पना १९२७ मध्ये रेडफील्ड यांनीही मांडली होती, पण तिच्याकडे लक्ष गेले नव्हते. या सिद्धांताचा गाभा सांगता येण्याजोगा आहे. १२० अदलाबदलींपैकी प्रत्येकीने १२५ पैकी किती वृक्ष जसेच्या तसे राहतात, ते मोजायचे आणि त्यांची सरासरी काढायची. काहीच न बदलणाऱ्या अदलाबदलीत सर्व १२५ राहतात. उरलेल्या ११९ मिळून आणखी २३५ होतात. एकूण ३६०, त्याला १२० ने भागले की तीन. भागाकार शेवटी राहिलाच. फक्त भागण्यापूर्वी काय मोजायचे, ते बदलले.

७. आसवनीतील दोन अल्कोहोल

आता पुन्हा ऊसपट्ट्याकडे येऊ. मळी आंबवून मद्यार्क काढताना ऊर्ध्वपातन स्तंभातून इथेनॉलखेरीज उग्र वासाचा एक तेलकट भाग वेगळा करावा लागतो. यालाच फ्युझेल तेल म्हणतात. त्याचा प्रमुख भाग पाच कार्बनांच्या दोन अल्कोहोलांचा असतो. दोहोंचा सांगाडा आयसोपेंटेनचाच आहे. एकात हायड्रॉक्सिल गट लांब फाट्याच्या टोकाला असतो, तर दुसऱ्यात तो फाट्याजवळच्या दोन आखूड टोकांपैकी एकाला जोडलेला असतो. वर सांगितलेल्या आठ अल्कोहोलांपैकी हे दोन.

१८५५ मध्ये लुई पाश्चर यांनी या दोहोंना त्यांच्या बेरियम क्षारांच्या भिन्न विद्राव्यतेच्या आधारे वेगळे केले. एक अल्कोहोल ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवत होता, दुसरा फिरवत नव्हता. असे का, याचे उत्तर त्या वेळी देता येत नव्हते, कारण संरचनेची कल्पनाच अद्याप यायची होती. आज हे उत्तर आपल्या मोजणीतूनच मिळते. आयसोपेंटेनची आखूड टोके जोवर सारखी आहेत, तोवर त्यांची अदलाबदल रचना बदलत नाही. त्यांपैकी एकावर हायड्रॉक्सिल गट आला की ही सममिती मोडते, फाट्याच्या कार्बनला चार वेगवेगळे गट मिळतात आणि रेणूला डावे-उजवेपण येते. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ व ल बेल यांनी चार भिन्न गटांच्या कार्बनची ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी केली यांचा समघटकांवरील लेख प्रसिद्ध झाला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. केली यांच्या वृक्षांत मात्र डाव्या-उजव्याला स्थान नव्हते. ते धरले, तर हेप्टेनचे नऊ समघटक अकरा होतात. म्हणजे ‘एकच कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर आपण कोणता भेद मोजायचा ठरवतो, यावरही अवलंबून असते.

हे दोन अल्कोहोल आसवनीत येतात कोठून? याचे उत्तरही साखर उद्योगातूनच मिळाले. बर्लिन येथे साखर उद्योगाच्या संस्थेत काम करणारे फेलिक्स एर्लिख यांनी १९०४ च्या सुमारास बीटाच्या मळीच्या अवशेषांतून आयसोल्युसिन हे ॲमिनो आम्ल वेगळे केले. ते आधीच ज्ञात असलेल्या ल्युसिनचे समघटक होते. १९०७ पर्यंत त्यांनी दाखवून दिले की किण्व ल्युसिनपासून एक ॲमिल अल्कोहोल बनवते व आयसोल्युसिनपासून दुसरे. समघटकांची एक जोडी दुसऱ्या जोडीला जन्म देते. ज्या भेदापुढे १८५५ मध्ये पाश्चर थबकले होते, तो किण्वाची पेशी नित्य जपत असते.

८. आजचा संदर्भ

समघटकांचा भेद हा केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा विषय नाही. १९२७ च्या सुमारास पेट्रोलची गुणवत्ता मोजण्यासाठी ऑक्टेन अंकाची पद्धत पुढे आली. तिच्यात सरळ साखळीच्या हेप्टेनला शून्य आणि आयसोऑक्टेन या अनेकशाखी समघटकाला शंभर हा अंक दिला गेला. सरळ साखळीच्या ऑक्टेनचा अंक शून्याच्याही खाली जातो. रेणुसूत्र तेच, अठरा समघटकांपैकी एक इंजिनात सुरळीत जळतो आणि दुसऱ्यामुळे इंजिन ठोके देऊ लागते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उच्च असल्याने पेट्रोलमध्ये ते मिसळण्याचे प्रयोग झाले. भारतातील २००१ च्या पथदर्शी प्रकल्पांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही केंद्रे होती आणि २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. उसाच्या मळीचा आणि हायड्रोकार्बनच्या शाखांचा संबंध अशा रीतीने पेट्रोल पंपापर्यंत पोहोचतो.

गणनेच्या बाजूनेही हा विषय पुढे गेला. १९६५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या डेंड्रल प्रकल्पात दिलेल्या रेणुसूत्राच्या सर्व शक्य रचना संगणकाकडून पुनरुक्तीशिवाय तयार करून घेण्यात आल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आरंभीच्या प्रकल्पांत त्याची गणना होते. संगणकालाही शिकवावी लागलेली मुख्य गोष्ट हीच होती की दोन वेगळ्या दिसणाऱ्या आकृत्या एकच आहेत, हे ओळखायचे कसे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, समघटकांच्या मोजणीत दोन प्रकारच्या चुका होतात : एकच वस्तू दोनदा मोजणे आणि असलेली वस्तू न मोजणे. इथेनच्या बाबतीत पहिली चूक झाली. पेंटेनचे तिसरे रूप १८७० पर्यंत अप्राप्त राहिले. केली यांच्या तक्त्यात एक आकडा जास्तीचा व एक कमी असा दोन्ही बाजूंचा दोष आढळतो. दुसरी, या चुका टाळण्यासाठी रसायनशास्त्राने प्रतिस्थापनाची कसोटी दिली आणि गणिताने सममितीची. दोन्ही कसोट्या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. तिसरी, ‘लीलावती’तील भागाकाराची रीत या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत नेते, परंतु प्रत्येक रचनेची सममिती भिन्न असते, ही पुढची पायरी विसाव्या शतकात चढली गेली. हा फरक नीट मांडला, तर परंपरेचा अभिमान आणि आधुनिक गणिताचे आकलन यांत विरोध उरत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्याच्या वहीतील जास्तीच्या आकृतीवर फुली मारण्यापूर्वी त्याला विचारावे की या दोन आकृत्यांतील कार्बनांची नावे कशी बदलली असता एक दुसरीसारखी होईल. आगपेटीच्या काड्या व ओल्या मातीच्या गोळ्यांनी पाच कार्बनांचे सांगाडे करून ते हातात फिरवू द्यावेत. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमान यांनी क्रोकेच्या खेळातील चेंडू वापरून रेणूंची प्रतिरूपे दाखवली होती. कार्बन काळा व हायड्रोजन पांढरा दाखवण्याचा आजचा संकेत त्यांच्या त्या व्याख्यानातील चेंडूंपर्यंत मागे नेता येतो. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. त्यानंतर आसवनीतील फ्युझेल तेलाचे उदाहरण द्यावे. ज्या विद्यार्थ्याच्या घरचा ऊस कारखान्यात जातो, त्याला आयसोपेंटेनचा सांगाडा मग केवळ पुस्तकातील आकृती वाटणार नाही. तीन हा आकडा पाठ करणे आणि तीनच का, हे सांगता येणे यांतील अंतर त्याने स्वतः पार केले, तर हा धडा खऱ्या अर्थाने शिकवून झाला, असे म्हणता येईल.